लस लगेच मिळाली, सीरमसाठी मात्र झगडावे लागले

भटक्या कुत्र्याने माझ्या हाताला चावा घेतला, तेव्हा दात अंगठ्याजवळ खोल रुतले होते आणि रक्त वाहत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात अशी जखम तिसऱ्या श्रेणीत मोडते, आणि तिच्यासाठी रेबीजची लस व इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे ज्याला सगळे सीरम म्हणतात ते, अशी दोन्ही द्यावी लागतात. लसीचा भाग सुरळीत पार पडला. अडले ते सीरमपाशी, आणि उपचार पूर्ण झाल्यावरही रुग्णालयातल्या औषधांच्या खिडकीचा राग मनातून गेलेला नाही.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन मी रुग्णालय गाठले. आपत्कालीन विभागातील डॉक्टरांनी केसपेपरवर ‘श्रेणी ३’ असे स्पष्ट लिहिले, दंडात लसीचा पहिला डोस दिला आणि सीरमसाठी औषधांच्या खिडकीवर पाठवले. तेथे सांगण्यात आले की सीरमच्या मागणीवर वरिष्ठ डॉक्टरांची सही लागते आणि ते सकाळी येतात. ‘‘लस घेतली आहे ना? मग घाई नाही. सीरम सात दिवसांपर्यंत चालते, उद्या या,’’ असे म्हणून माझा कागद परत करण्यात आला.

या सात दिवसांच्या नियमाचा असा अर्थ लावला जातो, याचे मला आजही वाईट वाटते. ज्यांना पहिल्या दिवशी सीरम मिळू शकले नाही, त्यांच्यासाठी लसीच्या पहिल्या डोसनंतर सातव्या दिवसापर्यंत ते देण्याची मुभा आहे. त्यानंतर शरीर स्वतः प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला रोखणारी प्रथिने, तयार करू लागलेले असते, म्हणून ते देत नाहीत. सीरम उपलब्ध असताना रुग्णाला परत पाठवण्याची ती परवानगी नव्हे. लसीचा परिणाम दिसायला आठवडा-दीड आठवडा जातो, आणि तेवढ्या काळात जखमेतला विषाणू मज्जातंतूंत शिरला की त्यांच्याच वाटेने मेंदूकडे सरकू लागतो. त्याला जखमेतच निष्प्रभ करणारी तयार प्रतिपिंडे सीरममधून मिळतात. हाताच्या बोटांत मज्जातंतूंचे जाळे दाट असते, त्यामुळे तेथील चावा अधिक धोक्याचा. चेहऱ्यावरचा आणि डोक्यावरचा त्याहूनही. माझ्या जागी चेहऱ्याला चावा बसलेले लहान मूल असते, तरी त्यालाही ‘उद्या या’ असेच सांगितले गेले असते का, हा प्रश्न मी त्या खिडकीवर विचारला. उत्तर मिळाले नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि जगभरात दर वर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात असा अंदाज आहे. हे ठाऊक असलेल्या माणसाला सकाळपर्यंत शांत राहा म्हणणे मला क्रूरपणाचे वाटते.

मी तेथून हललो नाही. सीरम आज का दिले जात नाही, ते कारण वेळेसह केसपेपरवर लिहून द्यावे, अशी विनंती मी केली, आणि या एका वाक्याने काम पुढे सरकले. कोणीही लिहून देण्यास तयार होईना. शेवटी मला पुन्हा आपत्कालीन विभागात पाठवले गेले, तेथील डॉक्टरांनी वरिष्ठांना फोन केला आणि तोंडी परवानगी मिळाली. फोनवर परवानगी मिळते, हे खिडकीवर कोणीही सांगितले नव्हते. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी खिडकीशी वाद घालत बसण्याऐवजी, ज्या डॉक्टरांनी श्रेणी लिहिली त्यांच्याकडेच तडक परत जावे.

सीरमची मात्रा वजनावर ठरते: मानवी सीरम असेल तर किलोमागे २० युनिट, घोड्यापासून तयार केलेले असेल तर ४०. त्यामुळे आपले वजन ठाऊक असावे. ते जखमेच्या आत आणि भोवती टोचतात. अंगठ्याजवळ जागा थोडी, म्हणून दुखले फार. पण डॉक्टरांनी अतिशय सावकाश, प्रत्येक दाताच्या खुणेपाशी थांबून काम केले आणि त्या वेदनेतही मला मोठा दिलासा वाटला.

पुढचे डोस ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी दंडातच झाले. पहिला डोस घेतला तो दिवस शून्य धरतात, म्हणून तारखा त्याच दिवशी कॅलेंडरवर मांडून घ्याव्यात. काही ठिकाणी त्वचेत टोचण्याची पद्धत असते आणि तिच्या तारखा वेगळ्या असतात. ही लस कुल्ल्यात घेऊ नये. तेथे तिचा परिणाम कमी होतो. एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: अशा जखमेला टाके घालण्याची घाई करू देऊ नये, आणि घालावेच लागले तर सीरम दिल्यानंतरच. कुत्रा किंवा मांजर ओळखीचे असेल तर त्यावर दहा दिवस लक्ष ठेवता येते, मात्र त्यासाठी उपचार सुरू करणे लांबवायचे नाही.

लसीचे कार्ड मी जपून ठेवले आहे. ज्याची लस पूर्ण झालेली आहे, त्याला पुन्हा प्राणी चावल्यास साधारणपणे शून्य आणि ३ या दिवसांचे दोनच डोस पुरतात आणि सीरम लागत नाही. पण त्यासाठी आधीच्या डोसांची लेखी नोंद दाखवता आली पाहिजे.