कोकणचा सागरी रस्ता सपाट नाही: हरिहरेश्वर ते रत्नागिरी सायकलवर

कोकणातला सागरी रस्ता सपाट आहे असं तुम्हाला कोणी सांगत असेल तर त्याने तो रस्ता गाडीत बसून पाहिलाय एवढं नक्की समजा. आम्हाला असंच सांगितलं होतं, आणि सांगणारा पुण्यातल्या सायकलिंगमधला जुना माणूस, लोकांना रूट आखून देणारा, त्यामुळे कोणी शंकाच घेतली नाही. समुद्राच्या कडेकडेने जायचं, घाट नाहीत, आरामात मायलेज होतं आणि पाय मोकळे राहतात, असं त्याचं म्हणणं. गुहागर ते रत्नागिरी या एका टप्प्यात माझ्या सायकल कॉम्प्युटरवर सोळाशे मीटरच्या वर चढ लागला. पुणेकरांसाठी हिशोब सांगते, गोळेवाडीच्या नाक्यापासून सिंहगड चढलात की साधारण सहाशे मीटर होतात, म्हणजे अडीच सिंहगडांपेक्षा जास्त. आणि सिंहगड निदान एकसलग असतो, एक लय सापडली की माणूस चढत राहतो. इथे लय सापडायच्या आत चढ संपतो, उतार येतो, खाडीचं नाहीतर समुद्राचं पाणी दिसतं आणि लगेच पुढचा चढ समोर उभा.

हे सगळं कशासाठी चाललंय ते आधी सांगते. आम्ही पाचजण थंडीत पुणे-गोवा करणार आहोत, कोल्हापूर-आजरा-आंबोली मार्गे, साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. ओळखीतले लोक दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम देणार आणि त्या पैशातून भोर-वेल्ह्याकडच्या मुलींना सायकली घ्यायच्या. तिकडे सातवीनंतरची शाळा बऱ्याच वाड्यांपासून लांब आहे, एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही, आणि मग मुलगी घरी बसते. मी त्या भागात काम केलंय आणि सायकल मिळाली म्हणून दहावी झालेल्या मुली मला माहीत आहेत. म्हणून या राइडमधून अर्ध्यात बाहेर पडणं आम्हाला चालणार नाही, पैसे किलोमीटरवर आहेत. ही कोकणची राइड त्याचंच ट्रेनिंग, आणि ते एवढं सिरीयसली घेतोय ते त्यामुळे.

पहिल्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी उतरून निजामपूर, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. अंतर मोठं आहे पण ताम्हिणीचा उतार तुमच्या बाजूने असतो. पहाटे साडेचारला निघा, विळ्याच्या पुढे एमआयडीसीचे ट्रक लागतात तेवढं सांभाळा. बास.

खरी गोष्ट बागमांडल्याला सुरू होते. फेरीबोटीने सावित्री नदी ओलांडून वेसवीला उतरलात की रत्नागिरी जिल्हा, आणि जेट्टीवरून रस्ता जवळपास लगेच वर जायला लागतो. पाय थंड पडलेले असतात आणि नुकता नाश्ता झालेला असतो. हे पुढे प्रत्येक फेरीनंतर होतं, दाभोळची वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरलात तरी तेच आणि तवसाळहून जयगडला उतरलात तरी तेच. कारण साधं आहे, इथला किनारा म्हणजे बहुतेक जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं पठार आहे आणि नद्यांनी तो ठिकठिकाणी कापलाय. गावं, बंदरं, देवळं सगळी खाली पाण्याजवळ आणि दोन गावांमधला रस्ता वरच्या सड्यावरून. प्रत्येक गावाला खाली या, प्रत्येक गाव सोडताना वर जा. कोणताही चढ घाट म्हणावा एवढा मोठा नाही म्हणून नकाशावर त्याला नाव नसतं, आणि नाव नसलं की लोक म्हणतात चढ नाही. अ‍ॅपमधला एलेव्हेशनचा ग्राफ पण इथे विश्वास ठेवण्यासारखा नाही, छोटे तीव्र चढ तो गुळगुळीत करून दाखवतो, आम्हाला राइडच्या आधी दाखवला होता त्यापेक्षा प्रत्यक्षात कितीतरी जास्त निघाला.

आता ज्या पट्ट्यासाठी हे लिहायला बसले तो पट्टा. गुहागर सोडल्यावर मोडकाआगर, पालशेत, अडूर, हेदवी, नरवण, तवसाळ. नकाशावर किरकोळ दिसतो. आम्ही सकाळी सातला निघालो, दहापर्यंत तवसाळच्या फेरीत असू असं ठरलेलं, आणि तवसाळला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. पालशेत पूर्ण खाली आहे, सुपारीच्या वाड्या, पूल, अरुंद रस्ता, समोरून एसटी आली की सायकल बाजूला घेऊन उभं राहायचं, म्हणजे खाली आलेला वेग सगळा वाया, आणि त्याच जागेवरून शून्यातून चढ सुरू. माझ्या स्क्रीनवर दहा-बारा टक्के चढ दिसत होता, एका वळणावर चौदा. त्यात पावसाने रस्त्याच्या कडा खाल्लेल्या, त्यामुळे नागमोडी चढायला जागाच नाही, डावीकडे गेलात तर चाक खडीत जातं. आमच्यातली बँकवाली, जिने बीआरएमची (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या मर्यादेच्या खूप आत केलीये, ती इथे उतरून चालली. आमच्यातल्या डॉक्टरला हेदवीच्या अलीकडे मांडीत क्रँप आला आणि तो रस्त्यावर आडवा झाला, पंधरा-वीस मिनिटं आम्ही त्याचा पाय ताणत बसलो होतो. वर सड्यावर एक झाड नाही. काळा कातळ, सुकलेलं गवत, डोक्यावर ऊन, आणि हवेत इतका दमटपणा की घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो. पुण्याच्या कोरड्या हवेत ट्रेनिंग केलेल्या माणसाला हे वेगळंच प्रकरण आहे आणि याबद्दल कोणी म्हणजे कोणी सांगत नाही.

पाण्याचं स्पष्ट सांगते. दोन बाटल्या पुरत नाहीत. तासाला पाऊण लिटर धरा, त्यातल्या निम्म्यात ओआरएस, नुसतं साधं पाणी पीत राहिलात तर क्रँप येऊ शकतात. अडूर ते हेदवी सड्यावर दुकान मिळेल या भरवशावर राहू नका, खाली गावात असतानाच भरून घ्या. हेदवीला दशभुज गणपतीच्या देवळाजवळ पाणी, सावली, जेवण आणि बायकांसाठी टॉयलेट सगळं मिळतं, तिथे थांबा, घाई असली तरी थांबा. बायकांनी टॉयलेटचा हिशोब आधी करून निघा: गुहागर स्टँड, हेदवी, गणपतीपुळे. मधल्या सड्यावर आडोसा नाही.

गिअरबद्दल तर मी हात जोडून सांगते. आमच्यातल्या तिघांकडे रोड बाइक, पुढच्या चकत्यांना ५०-३४ दाते आणि मागच्यांना ११-२८. खंबाटकीला ते चालतं, कात्रजला चालतं, इथे गुडघे जातात. मागे ३४ची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) बसवा, म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरला पुढे ३४ मागे ३४, पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. तुमचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ घेत नसेल तर मेकॅनिकला विचारून जेवढी मोठी बसते तेवढी बसवा, कॅसेट आणि चेनचा खर्च फिजिओच्या खर्चापेक्षा कमी आहे. टायर ३२ मिलिमीटर रुंदीचे. २५च्या टायरवर जाणाऱ्या आमच्या धाकट्याचे दोन पंक्चर आणि एक साइडवॉल कट (टायरची बाजू फाटणं) झाला, रत्नागिरीपर्यंत तो टायरच्या आत नोटेची घडी घालून आला. रिम ब्रेक असतील तर नवे पॅड टाकूनच निघा कारण जेट्टीकडे उतरणारे उतार सरळ पाण्यात जातात, वळणावर शेळ्या असतात आणि सावलीतला रस्ता दवाने ओला असतो. रोज संध्याकाळी चेन पुसून तेल घाला, खाऱ्या हवेने एका रात्रीत गंज धरतो.

जयगडच्या चढाबद्दल एकच, फेरीतून सगळ्या गाड्या आधी जाऊ द्या. नाहीतर तुम्ही धापा टाकत चढत असता आणि मागे बारा गाड्या हॉर्न मारत असतात. मालगुंडकडे वळेपर्यंत बंदराचे आणि वीज प्रकल्पाचे ट्रक आहेत, टेल लाइट दिवसासुद्धा चालू ठेवा. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची कामं निघतात तिथे रस्ता उकरलेला मिळेल आणि डंपर मिळतील हेही धरून चाला. मालगुंड, गणपतीपुळे छान आहे, त्याबद्दल सगळ्यांनी लिहिलंय.

आरे-वारेचा चढ उन्ह कलल्यावर करा. आम्ही साडेपाचच्या पुढे केला, खाली सगळा किनारा, समोर सूर्य, आणि मी सांगते, दिवसभराचा राग तिथे निम्मा गेला. डॉक्टर, ज्याने हेदवीला टेम्पो बोलवा म्हणून सांगितलं होतं, तो सगळ्यांच्या आधी वर पोचला आणि ओरडत होता. तेव्हा मला वाटलं की ही राइड प्रत्येकाने करावी. आज चार दिवसांनी जिना उतरताना गुडघा धरून उतरतेय आणि तरीही वाटतं करावी, पण ३४ची कॅसेट घालूनच.

फेरीबद्दल थोडं. माणसाचं आणि सायकलचं तिकीट वेगळं, रक्कम किरकोळ, पण सुटे पैसे ठेवा, जेट्टीवर नेटवर्क नसतं आणि फोनवरचं पेमेंट गोल गोल फिरत राहतं. पहिली आणि शेवटची फेरी कधी ते आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. तवसाळची एक चुकली तर पुढच्या फेरीसाठी बराच वेळ बसावं लागतं, आणि तो वेळ उन्हाचा असतो. सकाळी आठच्या आत कुठेही नाश्ता मिळत नाही, घरगुती मुक्काम असेल तर काकूंना आदल्या रात्रीच सांगून ठेवा, घावन नाहीतर पोहे पहाटे सहाला करून देतात, आम्हाला दिले आणि वर डब्यात लाडू घातले त्याचे पैसे घेतले नाहीत.

आणि याच्या उलट अनुभव परतीच्या बसचा. रत्नागिरीहून पुण्याला रात्रीची खासगी बस, फोनवर विचारलं तेव्हा एका सायकलचे तीनशे. आम्ही पाच तिकिटं काढली. रात्री बस आल्यावर क्लीनर म्हणतो हजार, एका सायकलचे. तीनशे फोनवर ठरलेत म्हटलं तर ऑफिसवाल्याशी बोला, आणि ऑफिसवाला फोन उचलत नाही. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून बसलेला, बाकीचे प्रवासी आमच्याकडे बघतायत, सकाळी दोघांना कामावर हजर व्हायचंय. शेवटी सातशेप्रमाणे पस्तीसशे दिले, पावती मागितली तर हसला. आणि एवढं देऊन सायकली डिकीत एकावर एक टाकल्या, त्यांच्यावर आंब्याच्या रसाच्या डब्यांचे बॉक्स. बँकवालीचा डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा, वाकलेला निघाला. पस्तीसशे रुपयांत एका मुलीच्या सायकलची बरीचशी रक्कम झाली असती, हे मला राहून राहून खटकतंय.

तर बसने जाणार असाल तर सायकलचे पैसे मेसेजवर लिहून घ्या, रकमेसकट, गाडीच्या नंबरसकट, आणि तो मेसेज येईपर्यंत तिकीट काढू नका. पुढचं चाक काढून बॅगेत भरलेली सायकल घेऊन उभे राहिलात तर भाव कमी लागतो, डिरेलर वाचतो तो वेगळा. रेल्वेने सायकल लगेज म्हणून ब्रेक व्हॅनमधून (गाडीच्या सामानाच्या डब्यातून) जाते, पण पार्सल ऑफिसला गाडीच्या खूप आधी पोचावं लागतं, पुण्याला थेट गाड्या मोजक्याच आहेत आणि पनवेलला उतरायचं तर गाडी थांबायच्या वेळात सायकली उतरवून घ्यायची धावपळ. पाच किंवा जास्त जण असाल तर सरळ पुण्याहून एक पिकअप ठरवा, सायकली आडव्या न टाकता उभ्या बांधायला गोधड्या-दोऱ्या स्वतःच्या न्या, माणसं एसटीने येतील. आम्ही हिशोब केला, डोक्यामागे फार फरक पडत नाही, आणि वाटेत कोणी पडलं-झडलं तर हीच सपोर्ट गाडी होते.

शेवटचं, ग्रुपमध्ये जाताना सगळ्यात हळू माणसाला पुढे ठेवा. आमचं सुरुवातीला उलटं चाललं होतं, वेगवान दोघं पुढे जाऊन चहा पीत बसायचे आणि मागचे पोचले की लगेच निघायचे, म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज त्याला विश्रांतीच नाही. गुहागरला रात्री यावरून भांडण झालं, चांगलं मोठं झालं, दुसऱ्या दिवसापासून बँकवाली पुढे आणि धाकटा शेवटी. हेदवीपर्यंत हे नसतं ठरलं तर आम्ही पाचजण एकत्र रत्नागिरीला पोचलो नसतो.

पुण्यात आता रविवारचं लांब अंतर कमी करून बोपदेव घाट लागोपाठ करतोय, वर जायचं, खाली यायचं, न थांबता परत वर, कारण कोकणातले चढ तसेच येतात. आंबोलीला गोव्याकडे जाताना आपण उतरतो हे खरं, पण आजऱ्याच्या पुढे तिथपर्यंतचा रस्ता पण लोक सपाट आहे म्हणूनच सांगतायत. यावेळी आम्ही आधी गाडी घेऊन जाऊन तो बघून येणार आहोत, उंची मोजणारा अल्टिमीटर लावून.