एकाच श्रेणीतले झाड आणि पक्षी

हवाई बेटांवरचा ओहिआ लेहुआ हा वृक्ष आणि त्याच्या फुलांतला मध पिणारा इइवी हा लाल पक्षी हे दोघेही आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ या एकाच श्रेणीत मोडतात. वर्गीकरणात मात्र त्यांच्या सृष्टीच वेगळ्या आहेत.

ओहिआ म्हणजे मेट्रोसिडेरोस पॉलिमॉर्फा, पेरू आणि लवंगेच्याच मिर्टेसी कुलातला. त्याचे फूल जवळून पाहिले, तर तो लालभडक झुपका पाकळ्यांचा नसून लांब पुंकेसरांचा असल्याचे दिसते. इइवी म्हणजे ड्रेपॅनिस कॉक्सिनिया. खाली वळलेल्या लांब, नारिंगी चोचीमुळे तो शिंजिराचा नातलग वाटतो. प्रत्यक्षात तो फ्रिंजिलिडी कुलातला, म्हणजे दाणे फोडणाऱ्या फिंच पक्ष्यांच्या घराण्यातला आहे. रूपाआड दडलेले असे नाते उघड होते, म्हणूनच मला वर्गीकरण मोलाचे वाटते. अर्थात कुल एक असले म्हणून वैर टळत नाही: बाहेरून आणलेला स्ट्रॉबेरी पेरू ओहिआच्याच जंगलात माजला आहे.

इइवी सुमारे सहा लाख आहेत आणि ओहिआ तर तिथल्या मूळ जंगलातला सर्वाधिक आढळणारा वृक्ष आहे. तरीही दोघे या यादीत आहेत, कारण श्रेणी ठरवताना संख्येइतकाच घटीचा वेगही पाहिला जातो आणि तो १० वर्षे किंवा तीन पिढ्या यांपैकी जो काळ मोठा असेल त्यावर मोजतात. साहजिकच पक्ष्यासाठी हा काळ थोडक्या वर्षांचा, तर संथ वाढणाऱ्या वृक्षासाठी फार मोठा ठरतो.

इइवीचा कर्दनकाळ म्हणजे डासांमार्फत पसरणारा पक्ष्यांचा मलेरिया. उंचावरच्या थंडीत त्याचे परजीवी वाढत नाहीत, म्हणून पक्षी तिथे तगून आहेत. हवामान तापते आहे तसा तो आसराही आक्रसत चालला आहे. ओहिआला सेराटोसिस्टिस बुरशीने ग्रासले असून खोडातला पाण्याचा मार्ग तुंबल्याने उभे झाड काही आठवड्यांत वाळते.

अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याने २०१७ मध्ये इइवीला संरक्षण दिले. ओहिआ त्या कायद्याच्या यादीत नाही. मला ही मोठी उणीव वाटते. डासांची पैदास रोखण्यासाठी माउई बेटावर खास नर डास सोडले जात आहेत आणि ते आवश्यकच आहे, पण मलेरियातून वाचलेल्या इइवीलाही मधासाठी आणि घरट्यासाठी ओहिआच लागणार आहे.