बारा लाखांचे एकशेवीस

२००७ साली मी घानात, टेमा बंदराजवळच्या एका गोदामात हिशेब बघायचो. त्या वर्षी १ जुलैपासून तिथल्या चलनातली, म्हणजे सेडीतली, चार शून्यं उडणार होती. जुने १०,००० सेडी म्हणजे १ नवा घाना सेडी, आणि जुने १०० म्हणजे १ पेसेवा, नव्या सेडीचा शंभरावा भाग. रेडिओवर दिवसभर एकच घोष: मोल तेवढंच आहे!

मला तर हायसं वाटलं होतं. सगळ्यात मोठी नोट २०,००० ची, तिचे जेमतेम दोन डॉलर यायचे. पगाराला बँकेतून पोत्यानं नोटा आणायच्या आणि तिघा-चौघांनी बसून मोजायच्या, बोटं काळी होईपर्यंत.

जूनभर आम्ही प्रत्येक खातं दोन रकान्यांत मांडलं. भागाकार सोपा, पण अडायचं ते बारीकसारीक दरांत. ओव्हरटाइमचा तासाचा दर ३,४५० असेल तर त्याचे साडेचौतीस पेसेवा होतात, आणि अर्धा पेसेवा काही नसतोच. असे सगळे दर वरच्या आकड्यालाच न्यायचे, असा मी हट्ट धरला. कष्टाच्या पैशातला अर्धा पेसेवाही कापायचा नाही.

जुलैचा पगार वाटायला बसलो. एका वयस्क हमालाचे १२,००,००० व्हायचे. मी त्याच्या हातात २० च्या सहा नोटा ठेवल्या. त्याने मोजल्या, परत मोजल्या, टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "बॉस, बाकीचे?"

कित्येक वर्षं ज्याने लाखात पगार घेतला, त्याला रेडिओ काय पटवणार? सेडी हा शब्द मुळात अकान भाषेतल्या कवडीवरून आलाय. एके काळी त्या भागात मालदीवच्या कवड्यांवर बाजार चालायचा. तिथे आपली मजुरी कवडीमोल झाली असं त्याला वाटलं, तर त्यात त्याचं काय चुकलं?

जुन्या नोटा ३१ डिसेंबरपर्यंत चालणार होत्या. मी तिजोरीतून २०,००० च्या साठ नोटा काढल्या. एकेका नव्या नोटेखाली दहा-दहा जुन्या मांडल्या. सहा ढीग झाले. मागची रांग पुढे सरकून टेबलाभोवती गोळा झाली. त्याने प्रत्येक ढीग स्वतः मोजला. मग सहा नव्या नोटा माझ्याकडे सरकवल्या आणि साठ जुन्या उचलून पिशवीत भरल्या. मी अडवलं नाही. पैसा त्याचा होता.

रांगेतल्या निम्म्या लोकांनी तेच केलं. बाजारात टोमॅटोवाल्या बायका त्यानंतर कितीतरी दिवस एका सेडीला 'दहा हजार'च म्हणत होत्या.

ऑगस्टच्या पगाराला तोच हमाल आला. मी विचारायच्या आधीच त्याने रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली आणि नव्या नोटांसाठी हात पुढे केला. मोजल्या मात्र दोनदा.