ॲक्युपंक्चरपेक्षा त्यासाठीची चिठ्ठी जड गेली

डिप्रेशनच्या गोळ्यांच्या जोडीला ॲक्युपंक्चर घेताना सुयांचा त्रास झाला नाही. अडलं ते एका चिठ्ठीपाशी. तो राग अजून गेलेला नाही, आणि दुसऱ्या कुणाची अशी परवड होऊ नये म्हणून हे लिहितेय.

ॲक्युपंक्चर सेंटरची अट होती, मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र आणा, मग सुरू करू. अट रास्तच आहे. कोणत्या गोळ्या चालू आहेत हे न विचारता जो थेट पलंगावर झोपवतो, त्याच्याकडे जाऊच नये. पण माझे उपचार चालू असलेल्या हॉस्पिटलात असं पत्र कुठल्या खिडकीवर मिळतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ओपीडीतून रेकॉर्ड विभागात, तिथून परत ओपीडीत. रेकॉर्डवाले म्हणाले, आमच्याकडे फक्त डिस्चार्ज कार्डची नक्कल मिळते. ओपीडीतले डॉक्टर म्हणाले, "ॲक्युपंक्चर घ्या असं आम्ही लिहून देऊ शकत नाही." त्यांचंही बरोबर. अडतं ते नेमकं इथेच. सेंटरला शिफारस नको असते, माहिती हवी असते. एवढं सांगणारा एक माणूस तिथे नव्हता, एक छापील नमुनाही नव्हता. ज्याला सकाळी उठून दात घासणंही जड जातं, त्याला एका कागदासाठी असं फिरवणं अन्याय आहे.

म्हणून पत्राचा मजकूर आपणच लिहून डॉक्टरांकडे न्या. वर ठळक "माहितीसाठी" असं लिहा. खाली निदान, चालू गोळ्यांची नावं, मिलिग्रॅम आणि कधीपासून, रक्त पातळ करणारं औषध, फिट्स, पेसमेकर आहे की नाही, गोळ्या सुरूच राहतील हे वाक्य, आणि तब्येत बिघडली तर कुणाला कळवायचं. अर्ध्या पानात बसतं. पेसमेकर विचारतात, कारण काही वेळा सुयांना मशीनने सौम्य करंट जोडतात. पेसमेकर असेल तर हा करंट नकोच. वॉरफरिनसारख्या औषधाने रक्त लवकर थांबत नाही. डिप्रेशनवर नेहमी देतात त्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांनीही काळं-निळं थोडं जास्त पडू शकतं. गरोदर असाल तर तेही लिहा, सुया टोचायचे काही बिंदू टाळतात. सहीखाली डॉक्टरांच्या रजिस्ट्रेशन नंबरचा शिक्का हवाच, नाहीतर फेरी वाया.

गोळ्या सुरूच राहतील, ही ओळ सगळ्यांत महत्त्वाची. "बरं वाटतंय ना, मग गोळ्या बंद करा" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. अचानक बंद केल्या तर चक्कर, मळमळ, डोक्यात झटके आल्यासारखं होतं आणि आजार उलटू शकतो. कमी करायच्या तर मानसोपचारतज्ज्ञच हळूहळू करतील. ॲक्युपंक्चरच्या बाजूने पुरावा आहे, पण मोजका. इंग्लंडमध्ये 755 रुग्णांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला एक, अशी जास्तीत जास्त 12 सिटिंग दिली. तीन महिन्यांनी लक्षणं नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त उतरली होती. वर्षाअखेर तो फरक उरला नाही. कोक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासते; तिच्या 2018 च्या आढाव्यात 64 अभ्यास पाहिले, तरी पुराव्याचा दर्जा कमीच ठरला. जोड म्हणून घ्या, पर्याय म्हणून नको.

सुई साधारण 0.25 मिलिमीटर जाडीची, सीलबंद, एकदाच वापरायची. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा, तारीख पाहा. बिंदू बहुधा डोक्यावर मधोमध टाळूवर, दोन भुवयांच्या मध्ये, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांमधल्या खाचेत, आणि मनगटाच्या आतल्या घडीपासून आपलीच तीन बोटं वर. या शेवटच्या जागेखालून मेडियन नर्व्ह, म्हणजे पंजाकडे जाणारा एक मुख्य मज्जातंतू, जातो. तिथे जडपणा, ओढ वाटणं ठीक. बोटांपर्यंत करंटसारखी कळ गेली तर लगेच सांगा, सुई मागे घेतात. छातीवर किंवा खांद्याच्या वरच्या भागात खोल सुई नको, फुप्फुसाला इजा होऊ शकते. सुया 20 ते 30 मिनिटं ठेवतात.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा राज्य परिषदेची नोंदणी विचारायला संकोच करू नका.

दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-9, म्हणजे डिप्रेशनची लक्षणं मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली, भरून तारीख टाका आणि डॉक्टर व सेंटर दोन्हीकडे दाखवा. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्य, म्हणजे 'अजिबात नाही', हे उत्तर नसेल तर पुढच्या सिटिंगची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 ला फोन करा.

आणि हो, रिकाम्या पोटी जाऊ नका, सुया असताना भोवळ येऊ शकते. गोळीचा डोस बदलला की तोच मजकूर नव्या तारखेने पुन्हा सही करून घ्या.