विस्तवाची पाटी

मागच्या आठवड्यात नवी मुंबईतल्या रबाळ्याहून फोन आला. पूर्वी माझ्या हाताखाली हेल्पर असलेला मुलगा आता तिथे स्वतःचा फॅब्रिकेशनचा गाळा चालवतो. म्हणाला, "मामा, गाळ्यात सेफ्टीची पाटी आहे, ‘नो नेकेड फ्लेम’. पोरं ती वाचतच नाहीत. तुम्ही मराठीत लिहून द्या, पेंटरकडून रंगवून घेतो." मी हो म्हटलं. एका ओळीचं काम, चहा पिता पिता होईल असं वाटलं. त्यात चार दिवस गेले.

मी आयुष्यभर फ्लेमवरच पोट भरलं. १९८३ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गॅस वेल्डिंगला लागलो, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी हातात वेल्डिंगचा टॉर्च. तरी त्या फ्लेमला मराठीत काय म्हणायचं, हे ठरवायची वेळ कधी आली नव्हती. आम्ही सगळे फ्लेमच म्हणायचो.

पहिल्यांदा कागदावर लिहिलं, ‘उघडी ज्योत आणू नये’. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "ज्योत कोण आणणार आहे गाळ्यात? ती देवाजवळ असते." खरंच होतं. ज्योत म्हटली की समई डोळ्यांसमोर येते, निरांजन येतं, नवरात्रातला अखंड दिवा येतो. ज्योत तेवते. हे ‘तेवणं’ फक्त दिव्याचं. चूल तेवत नाही, ती पेटते. निखारा फुलतो. शेगडी रसरसते, होळी धडाडते, ओला पाला धुमसतो, वणवा लागतो. नुसतं क्रियापद ऐकलं तरी किती मोठी आग आहे आणि जवळ जायचं की पळायचं, ते कळतं. आणि संपण्याचंसुद्धा तसंच. चूल विझवायची, पण दिवा मालवायचा किंवा शांत करायचा. देवाजवळचा दिवा फुंकर मारून विझवला तर आई हातावर चापट मारायची.

मग ‘ज्वाळा’ लिहून पाहिलं. तो शब्द एकदम मोठा झाला. ज्वाळा घराच्या खिडकीतून बाहेर येतात, माणसाच्या खिशातून नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर टँकरच्या पाठीवर ‘अत्यंत ज्वलनशील’ लिहिलेलं असतं, ते टँकरवर शोभतं. गाळ्यातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला ज्वाळा आणू नकोस सांगितलं तर त्याला वाटेल, मी कुठे आणतोय? आणि तो दाराशी उभा राहून निवांत विडी पेटवेल.

ज्वाळेची माझी ओळख वेगळी आहे. कामाला लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं. टॉर्चच्या तोंडाशी जी नोझल असते, तिचं टोक धातूला टेकलं, फट्‌ आवाज झाला आणि फ्लेम गेली. गेली म्हणजे विझली नव्हती, आत शिरली होती. टॉर्चच्या पोटातून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता आणि हातातली मूठ तापत होती. मी गोठून उभा. उस्तादांनी मागून येऊन आधी ऑक्सिजनचा नॉब बंद केला, मग गॅसचा. मला बाजूला बसवून पाणी दिलं आणि एवढंच म्हणाले, "आधी ऑक्सिजन. झोपेत विचारलं तरी आधी ऑक्सिजन." त्या शेडमध्ये तेव्हा फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे उलटी फिरलेली आग अडवणारे झडपेसारखे भाग, बसवलेले नव्हते. आज ते नसतील तर मी गाळ्यात पाऊलसुद्धा टाकणार नाही. आग उलटी होजमध्ये, म्हणजे गॅसच्या रबरी पाइपात, गेली आणि तिथून सिलिंडरकडे गेली, तर पुढचं बोलायला नको.

उस्ताद मूळचे चिपळूणचे. फ्लेम लावायची कशी, हे त्यांनी ज्या पद्धतीनं शिकवलं तसं मी पुढे प्रत्येक पोराला शिकवलं. काळा सिलिंडर ऑक्सिजनचा, मरून रंगाचा ॲसिटिलीनचा, ज्याला आम्ही नुसतं गॅस म्हणायचो. गॅसच्या बाजूचे आटे मुद्दाम उलटे असतात, म्हणजे अंधारात, घाईतसुद्धा एकाचा पाइप दुसऱ्याला बसत नाही. आधी नुसता गॅस थोडा सोडायचा आणि लायटर मारायचा. तेव्हा पिवळीधमक, लांब, धुरकट फ्लेम येते आणि काजळीचे काळे धागे हवेत तरंगायला लागतात. ते शर्टावर बसतात, नाकात जातात. मग ऑक्सिजन हळूहळू उघडायचा. धूर थांबतो. पिवळेपणा जातो, निळसर पांढरेपणा येतो, आत एक पिसासारखा झुबका दिसतो. अजून उघडत गेलं की तो झुबका आकसत आकसत नोझलच्या टोकाशी एका टोकदार, लखलखीत दाण्यात मिळून जातो. त्या क्षणी हात थांबवायचा. ही न्यूट्रल फ्लेम. तापमान ३,१०० अंशांच्या वर, आणि पोलाद वितळायला दीड हजाराच्या आसपास पुरतात. पीस राहिलं तर गॅस जास्त, लोखंडात कार्बन शिरून सांधा कडक आणि ठिसूळ होतो. ऑक्सिजन जास्त झाला तर तो दाणा आखूड होतो, फ्लेम फुत्कारते आणि लोखंड जळून ठिणग्या उडतात.

त्या टोकाच्या दाण्याला उस्ताद ‘कळी’ म्हणायचे. "कळी बघ, कळी. पसारा बघू नकोस." मला वाटायचं हा त्यांचा स्वतःचा शब्द. पुढे कित्येक वर्षांनी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (१८९३ सालची संस्था, रविवारी मी तिथे जायचो) ज्ञानेश्वरी वाचताना दुसऱ्या अध्यायात ‘दीपकळिका’ हा शब्द भेटला. दिव्याची कळी. सातशे वर्षांपूर्वी जे नाव समईच्या ज्योतीला दिलं गेलं, तेच वागळे इस्टेटच्या शेडमध्ये एक सातवी शिकलेला माणूस ॲसिटिलीनच्या फ्लेमला देत होता. ते पान वाचून मी बराच वेळ तसाच बसून होतो. तोवर उस्ताद गेले होते, त्यामुळे त्यांना सांगता आलं नाही.

काजळीचंही असंच. आई घरी काजळ धरायची. एरंडेलाचा दिवा लावून त्यावर तांब्याची ताटली पालथी धरायची, रात्रभर तिच्यावर काजळी जमायची, सकाळी ती तुपात खलायची. ज्या धाकट्या बहिणीच्या डोळ्यांत ते काजळ घालायची, ती आता आजी झाली आहे. दिव्याचा जो पिवळा उजेड असतो, तो मुळात याच काजळीचा असतो. तेल पुरतं जळत नाही, कार्बनचे बारीक कण तापून चमकतात आणि आपल्याला उजेड मिळतो. मध्ये ताटली आली की तेच कण थंड होऊन काळे बसतात. ज्योतीचा उजेड आणि डोळ्यांतलं काजळ ही एकच वस्तू आहे, एकदा तापलेली, एकदा निवलेली. हे मला कळलं तेव्हा आईला गावी फोन करून सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग मी काय वेगळं म्हणत होते?"

आमच्या इमारतीत घरच्या गॅसची आच पिवळी झाली की सगळे म्हणतात सिलिंडर संपत आला. दरवेळी तसं नसतं. बर्नरची भोकं बुजली, हवा कमी मिळाली, की तीच काजळी तयार होते आणि आच पिवळी दिसते. भाताची पेज उतू गेली तर त्यातल्या मिठाच्या सोडियममुळेही पिवळी होते. सुई घेऊन भोकं साफ करा, भांड्यांची बुडं काळी होणार नाहीत.

तर, पाटी. तिसरा शब्द ‘आग’. सोपा, सगळ्यांना कळणारा. पण आग लागते. आग म्हणजे जे व्हायला नको होतं ते होऊन गेलेलं. आग कोणी हातात घेऊन येत नाही. ‘जाळ’ चुलीखाली असतो, ‘टेंभा’ मिरवणुकीत. टेंभा, दिवटा, हे शब्द आता फक्त माणसाला हिणवायला उरलेत याचं मला वाईट वाटतं. आमच्या घरी खंडोबाच्या कुलाचाराला दिवटी-बुधली निघते. ती दिवटी हातात धरलेल्या माणसाला ‘दिवटे चिरंजीव’ कोणाच्या तोंडून ऐकवत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी शब्द सापडला, तोही आठवणीतून. आमचं गाव पाटण तालुक्यात. लहानपणी काडेपेटी जपून वापरायची वस्तू होती. सकाळी ज्याच्या घरी चूल पेटलेली असेल त्याच्याकडून विस्तव आणायचा. आई म्हणायची, "जा, इस्तू घेऊन ये." गोवरीच्या तुकड्यावर दोन निखारे, वर थोडी राख, आणि वारं लागू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा. पळायचं नाही, कारण पळलं की निखारा फुलतो आणि घरी पोचेपर्यंत संपतो. हळू चाललं तरी संपतो. मधली चाल मला जमायची, म्हणून मलाच पाठवायची. राखेतून येणारी ती ऊब अजून तळहाताला आठवते.

मग एका वर्षी बांधावरून चुलत्यांशी वाद झाला. भिंतीला भिंत लागून घर, पण आई म्हणाली, तिकडे जायचं नाही. मी तीन घरं पलीकडे जाऊन विस्तव आणायला लागलो. येताना चुलतीच्या दारावरून यायचो. ती उंबऱ्यात उभी राहून माझ्या हाताकडे बघायची, आणि एकदा मागून म्हणाली, "विझंल रं, सावकाश." दोन घरांतून विस्तव जात नाही असं आपण म्हणतो, ते नुसतं बोलणं नव्हतं. खरोखरच जात नव्हता. आठ वर्षांचा मुलगा तो लांबून नेत होता.

विस्तव म्हणजे जी आग माणूस हातानं एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो ती. विडीच्या टोकाची, काडीची, कोणी हिवाळ्यात गाळ्यात घमेल्यात पेटवतो त्या कोळशाची. नेकेड फ्लेम म्हणजे नेमकं हेच. त्या गाळ्यातली चार पोरं जालना-परभणीकडची आहेत. फोनवर एकाला विचारलं, तुझी आजी विस्तवाला काय म्हणते? म्हणाला, "इस्तू." दोन पोरं बिहारची आहेत, त्यांच्यासाठी हिंदी ओळ त्यांच्यातलाच एक जण सांगणार आहे.

काल मजकूर पाठवला:

‘गॅसच्या बाटल्यांजवळ विस्तव आणू नये. विडी, सिगारेट, काडी, शेगडी बाहेर.’

पेंटर शनिवारी येतोय. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं. पाटी दाराच्या डाव्या बाजूला लावायला सांगितली आहे, जिथे पोरं चपला काढून बूट घालतात.