आई म्हणाली, हे घर पडणार

इंग्लंडमधलं काँगल्टन गाव मागे टाकून ए-३४ रस्त्याने थोडं दक्षिणेला आलं की शेतांच्या मधोमध ते घर दिसतं, आणि गाडीत पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण आपोआप मान तिरकी करतो. आईनेही केली. "अगं, हे तर पडतंय!"

उन्हाळ्यात आई दोन महिने माझ्याकडे राहून गेली. लंडनचे राजवाडे तिला फारसे भावले नव्हते ("सगळं सोनेरी, डोळे दुखतात"). म्हणून तिला इथे चेशायरमध्ये लिटल मोरटन हॉल दाखवायला आणलं. मोरटन नावाच्या जमीनदार घराण्याचं हे घर. 1504 च्या आसपास बांधायला सुरुवात केली आणि 1610 पर्यंत तुकड्या-तुकड्याने वाढवत नेलं. पैसे आले की एक बाजू, पुढच्या पिढीकडे आले की दुसरी. कोकणातली घरं कशी पडवी काढत, माजघर वाढवत मोठी होतात, तसंच. फरक इतकाच, की याच्या भोवती सुमारे दहा मीटर रुंद खंदक आहे आणि लहानशा पुलावरून आत जावं लागतं.

घराचा सगळा सांगाडा ओक लाकडाचा, खाली दगडी पाया. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला कुसू, वरून लाकडी खुंटी ठोकली की झाला सांधा. ओक वाळला की लोखंडासारखा होतो, त्यामुळे त्या काळचे सुतार तो ओलाच कापत. घर उभं राहिल्यावर लाकूड हळूहळू वाळतं, आकसतं, पिळवटतं. म्हणजे थोडा वाकडेपणा जन्मापासूनचाच. आणि अशा घरांत लाकडाच्या चौकटींमधली जागा भरायची ती काटक्या विणून, त्यावर माती, शेण आणि गवताचा लगदा थापून. हे मी समजावत होते, तेवढ्यात आई म्हणाली, "मग कूडच की!" कूडच. आमच्या आजोळी कारवीचा असतो, इथे हेझल झाडाच्या फांद्यांचा. बावीस वर्षं इथे राहून माझ्या हे डोक्यात आलं नव्हतं.

पण हे घर इतकं वेडंवाकडं झालं, त्याचं खरं कारण वर आहे. 1560 च्या सुमारास दक्षिणेची बाजू बांधायला घेतली. काम चालू असताना, बहुधा ऐन वेळी, मालकाच्या मनात आलं की वर तिसरा मजलाही हवा. तेव्हा लांबलचक गॅलरी असणं ही श्रीमंतांची हौस होती. मग वर 68 फूट लांबीची, दोन्ही बाजूंनी काचाच काचा असलेली गॅलरी चढवली आणि तिच्यावर दगडी फरशांचं छप्पर. खालच्या खांबांनी या ओझ्याचा हिशेब कधी केलाच नव्हता. ते वाकले, तुळया झुकल्या, जमिनी फुगल्या. त्या गॅलरीत चालताना बोटीत असल्यासारखं वाटतं. आईने माझा दंड घट्ट धरला होता.

पाऊस असला की घरातली माणसं या गॅलरीत फेऱ्या मारत, खेळत. भिंतीवरच्या लाकडी फळ्यांमागे सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे चार टेनिस चेंडू सापडले आहेत. मारला जोरात, गेला फटीत, आणि तिथेच राहिला. गॅलरीच्या दोन टोकांना गिलाव्यात दोन स्त्रिया कोरल्या आहेत, एक दैवाची आणि एक नियतीची. ही चित्रं रॉबर्ट रेकॉर्ड यांच्या खगोलशास्त्राच्या पुस्तकातून उचलली आहेत. बरोबरचं चिन्ह, त्या दोन आडव्या रेघा, गणितात आणणारे तेच हे रेकॉर्ड. (गणिताची शिक्षिका म्हणून आईने त्यांना मनोमन नमस्कार केला असावा. बोलली नाही.)

मोरटनांचं पुढे बरं चाललं नाही. सतराव्या शतकात राजा आणि संसद यांच्यात झालेल्या यादवी युद्धात ते राजाच्या बाजूने होते, आणि राजा हरला. कर्ज झालं, घर कुळांना दिलं. एकोणिसाव्या शतकात बराचसा भाग ओस पडला होता आणि घरातल्या प्रार्थनामंदिरात कोळसा साठवत होते. शेवटी वारसाने आलं ते एलिझाबेथ मोरटन या ख्रिस्ती संन्यासिनीकडे (ननकडे). तिने मंदिर पुन्हा नीट केलं. 1893 च्या सुमारास गॅलरी सावरायला पोलादी सळ्या घातल्या गेल्या. 1938 मध्ये घर जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आलं.

आता ते 'ग्रेड वन', म्हणजे संरक्षित इमारतींच्या सगळ्यांत वरच्या वर्गात आहे. इंग्लंडमधल्या संरक्षित इमारतींपैकी जेमतेम अडीच टक्के या वर्गात मोडतात. परवानगीशिवाय अशा इमारतीत फेरबदल करणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे. आईचा प्रश्न साधा होता: "जॅक लावून सरळ का नाही करत?" तिथल्या स्वयंसेवक आजोबांना मी तो भाषांतर करून विचारला. ते हसले. एक कोपरा उचलला तर चारशे वर्षं एकमेकांना टेकून बसलेले बाकीचे सांधे उखडतील, म्हणाले. पडू द्यायचं नाही, पण सरळही करायचं नाही.

मग आईचा दुसरा प्रश्न, जो कोकणातल्या कुणाच्याही ओठांवर येईल: "वाळवी?" वाळवी इथे नाही. पण जुन्या ओकमध्ये एक भुंगा असतो, तो लाकडावर डोकं आपटून टकटक करतो. पूर्वी रात्री मरणासन्न माणसाजवळ जागताना लोकांना ती टकटक ऐकू यायची, म्हणून 'डेथवॉच बीटल' या त्याच्या इंग्रजी नावातच मरण आहे. आईने लगेच एका खांबाला कान लावला. आजोबांनी नजर दुसरीकडे वळवली.

फोटोत शोभणारा तो कडक काळा-पांढरा रंग मुळात व्हिक्टोरियन काळातली फॅशन आहे. आधी लाकूड तसंच सोडलेलं, रुपेरी करडं, आणि मधला गिलावा पिवळसर गेरूच्या रंगाचा असे. मला तेच जास्त आवडलं असतं.

निघताना अंगणात थांबलो. इथे पुढे आलेल्या दोन मोठ्या खिडक्या आहेत. घराच्या सगळ्या खिडक्यांत मिळून शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले काचेचे 30,004 तुकडे आहेत. या दोन खिडक्यांवर मालक विल्यम मोरटनचं नाव आणि 1559 हे साल कोरलंय, आणि त्याच्याच खाली देवाच्या कृपेने या खिडक्या सुतार रिचर्ड डेलने केल्या, असंही. सुतारासाठीचा 'कार्पेंटर' हा इंग्रजी शब्द तिथे 'कार्पेडर' असा लिहिलाय.

आई बराच वेळ ते वाचत उभी होती. "आपल्या घराचं लाकूडकाम कुणी केलं गं?" मला कुठून माहीत असणार. रात्री तिने गावी काकांना फोन लावला. तिकडे पहाटेचे चार वाजले होते. काका चिडले, मग विचार करू लागले. वरच्या वाडीतले सुतार होते म्हणे, बाप-लेक दोघं. नावं त्यांनाही आठवेनात. उद्या कुणाला तरी विचारतो, म्हणाले.