माझा अनुभव : योजना पाच लाखांची, अडकली बारा अंकांवर

आईच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात जेवढा वेळ गेला नाही तेवढा तहसीलच्या पुरवठा शाखेत, म्हणजे रेशनकार्डाच्या कचेरीत गेला. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय. कुणाच्या घरात आज असं दुखणं निघालं असेल तर त्याचे तेवढे हेलपाटे तरी वाचावेत.

आईच्या स्तनात गाठ होती. बायोप्सीचा रिपोर्ट आला, कॅन्सर निघाला. आधी ऑपरेशन, मग केमो, मग रेडिएशन, असं डॉक्टरांनी सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून दादा गप्प झाला. शेतीच्या जिवावर एवढी रक्कम उभी करायची म्हणजे रान विकायचं. दवाखाना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत होता. या योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. आधी ही मर्यादा दीड लाख होती. 1 जुलै 2024 पासून ती वाढली आणि पांढरं रेशनकार्डवालेही योजनेत आले. आमचं तर केशरी कार्ड, त्यामुळं काळजी नव्हती.

योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्र बसतात. तिथल्या मुलानं आमचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, यावर बारा अंकी नंबर कुठंय? तो नसेल तर सिस्टीममध्ये नावच दिसत नाही."

हा नंबर म्हणजे कार्डाची ऑनलाइन नोंद. वडील गेल्यावर दादानं कार्ड वेगळं काढलं, ते सगळं हातानं लिहिलेलं. आईचं नाव त्यावर ठळक आहे, तहसीलचा गोल शिक्काही आहे. पण आम्हाला धान्य बसत नाही, त्यामुळं रेशन दुकानात कधी जाणं नाही, आधार जोडणं नाही. धान्य न मिळणाऱ्या अशा कितीतरी केशरी कार्डांची नोंद ऑनलाइन झालेलीच नाही. कार्ड कपाटात पडून असतं आणि आजारपण आल्यावर कळतं की सरकारच्या लेखी ते नाहीच.

गेले पुरवठा शाखेत. खिडकीवरचे साहेब म्हणाले, आधी रेशन दुकानदाराचं पत्र आणा. दुकानदार म्हणाला, तुम्ही माझ्या यादीत नाही, मी पत्र कसं देऊ, तहसीलला जा. परत खिडकीवर गेले तर सर्व्हर बंद. नंतर गेले तर ऑपरेटर रजेवर, आणि त्याचा लॉगिन दुसऱ्या कुणाकडे नाही. मी म्हणाले, "साहेब, पेशंट कॅन्सरचा आहे, ऑपरेशनची तारीख अडलीय." ते मान वर न करता म्हणाले, "इथं सगळ्यांनाच घाई असते, मॅडम." बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, पैसे सोडा, संध्याकाळपर्यंत नंबर देतो. मी दिले नाहीत. आईच्या औषधाचे पैसे त्याच्या खिशात घालायला हात उठला नाही, आणि ते दिले नाहीत याचा मला आजही अभिमान आहे.

गाडं हललं ते कागदामुळं. आरोग्यमित्रालाच विचारलं, तर तो म्हणाला, डॉक्टरांच्या लेटरहेडवर पत्र घ्या : रुग्णाचं नाव, आजार, तातडीनं शस्त्रक्रियेची गरज, आणि रेशनकार्डाच्या ऑनलाइन नोंदीअभावी मंजुरी थांबली आहे, असं स्पष्ट लिहून. ते पत्र मी अर्जाला जोडलं. अर्ज खिडकीवर न देता आधी आवक-जावकमध्ये दिला आणि माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतला. तिथल्या बाई टाळत होत्या, पण मी हलले नाही. मग ती प्रत घेऊन थेट नायब तहसीलदारांसमोर उभी राहिले. त्यांनी पत्र वाचलं, समासात लाल पेनानं "वैद्यकीय, तात्काळ" असं लिहून सही केली. इतके दिवस न चालणारा सर्व्हर त्या दुपारी चालला.

नंबर मिळाला. कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात पेननं लिहिलेले बारा आकडे बघून मला रडू आलं. पण काउंटरवर गेल्यावर आरोग्यमित्रानं नंबर टाकला आणि स्क्रीनवर दादा, वहिनी आणि पोरं एवढीच नावं. आईचं नाव नाही! ज्या माणसासाठी सगळा खटाटोप केला, नेमकं त्याचंच नाव ऑपरेटरनं भरलेलं नव्हतं. तिच्या आधारची झेरॉक्स अर्जाला लावलेली होती, मी स्वतः टाचणी मारली होती. पुन्हा तहसील, पुन्हा नाव वाढवायचा अर्ज, पुन्हा तीच खिडकी. या वेळी मी ऑपरेटरच्या शेजारी उभी राहिले आणि आईच्या आधारवरचं नाव एकेक अक्षर वाचून दाखवलं. म्हणून सांगते, नंबर मिळाला की तिथून उठू नका. सगळ्या सदस्यांची नावं स्क्रीनवर दाखवायला सांगा, प्रिंट घ्या, ती आधारशी ताडून बघा आणि मगच कचेरीची पायरी उतरा.

मंजुरी आली, ऑपरेशन झालं, डॉक्टर आणि सिस्टरांनी जिवापाड केलं. त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

आणखी काही गोष्टी आठवतील तशा लिहिते. रुग्ण अत्यवस्थ असेल तर कागदांसाठी थांबावं लागत नाही, फोनवरून तातडीची मंजुरी मिळते आणि कागदपत्रं नंतर देता येतात. आरोग्यमित्राला तसं स्पष्ट विचारा. योजनेचा टोल फ्री नंबर 155388 आहे, मी त्यावर बोलले आहे, माणूस फोन उचलतो. ऑपरेशनची मंजुरी म्हणजे केमोची मंजुरी नव्हे. प्रत्येक टप्प्याची वेगळी घ्यावी लागते, म्हणून बायोप्सीचा मूळ रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. आम्हाला रेडिएशनसाठी दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं, तिथं तेच कागद पहिल्यांदा मागितले.

नंबर मिळायला आणखी उशीर झाला असता तर दुसरी वाट होती, ती दवाखान्यातल्या समाजसेविका ताईंनी सांगितली. धर्मादाय दवाखान्यांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातल्या कलम 41 कक खालची ही योजना उच्च न्यायालयाच्या 2006 च्या आदेशानं लागू झाली आहे. तिथं तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो दाखला आजारपण येण्याआधीच काढून ठेवा.

आणि हे राहिलंच. वॉर्डातून आम्हाला एकदा चिठ्ठी देऊन औषध बाहेरून आणायला सांगितलं. दादानं आणलंही. जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये औषधं, तपासण्या, रुग्णाचं जेवण सगळं धरलेलं असतं, हे मला नंतर कळलं. सुट्टीच्या वेळी एका कागदावर सही मागतात की आमच्याकडून पैसे घेतले नाहीत. मी सही करण्याआधी मेडिकलचं बिल पुढं ठेवलं आणि आरोग्यमित्राला म्हणाले, हे आधी नोंदवा. तो बिल घेऊन आत गेला. तासाभरानं कॅशियरनं दादाला बोलावून बिलाचे सगळे पैसे परत दिले. मग मी सही केली.